उगाच तपासलेली वायर

चाळीस वर्षं ट्रकखाली सरपटून मिस्त्रींचे गुडघे कामातून गेले, तेव्हा ते गॅरेज पुतण्याच्या हवाली करून वरच्या खोलीत राहायला गेले. गुडघे दुखतात म्हणून जिना चढून राहायला जाणारा माणूस त्या अख्ख्या रस्त्यावर हा एकच. पण खालच्या खोलीत पुतण्याचा कॉम्प्युटर बसला होता, आणि त्याला धूळ चालत नव्हती. मिस्त्रींना चालत होती. तेव्हा वर कोण जाणार याबद्दल फारशी चर्चा झालीच नाही.

तो कॉम्प्युटर गाडीला वायरीने जोडला की पडद्यावर आकडे उमटत. त्या आकड्यांचा अर्थ पुतण्या आणखी कुठेतरी शोधत बसे. तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज येई, "अरे, बेल्ट सैल आहे. इथपर्यंत चिरकतोय."

"काका, आकडा तसं म्हणत नाही."

"आकड्याला कान आहेत का?"

संध्याकाळी बेल्टच आवळला जाई, पण आकड्याचा मान राखून, म्हणजे काकांना न सांगता.

गुडघे गेले तरी मिस्त्रींचा कान शाबूत होता. लांब लांब रस्त्यांवर अडकलेले ड्रायव्हर त्यांना फोन करत, बॉनेट उघडत आणि फोन इंजिनापाशी धरत. मिस्त्री डोळे मिटून ऐकत. "सेल्फ मार. आता सोड. पुन्हा मार." बस्स, तेवढ्यात निदान. बॅटरीची तार सैल आहे की स्टार्टर चिकटलाय, इंजेक्टर ठिबकतोय की टर्बोचा पाइप फाटलाय, हे त्यांना दोनशे मैलांवरून कळे. ड्रायव्हर तार आवळी, गाडी घरघरे, ड्रायव्हर ओरडे, "झाली, झाली!" आणि फोन बंद.

गाडी चालू झाल्यावर मिस्त्रीशी बोलत बसायला ड्रायव्हरला वेळ कुठला? त्यात त्याची काही चूक नव्हती. पण मिस्त्रींचा धंदाच असा विचित्र, की जितका कान तेज तितकं संभाषण आखूड. अर्ध्या मिनिटात दुखणं ओळखायचं आणि उरलेला दिवस खिडकीत बसून काढायचा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. ती होती तेव्हा घरात काहीतरी बिघडत तरी असे, कारण ती मिक्सरवर जुलूम करायची. आता पंखा, फ्रिज, गिझर सगळं ठणठणीत होतं. एकट्या माणसाच्या घरात वस्तूंना बिघडायला निमित्तच मिळत नाही. मिस्त्री कधीकधी फ्रिजला म्हणत, "काय, बरं चाललंय ना?" फ्रिज थरथरून गप्प होई. त्याचाही कॉम्प्रेसर उत्तम.

मग केव्हातरी त्यांना ती खोड लागली. सुरुवात अगदी साधी होती. निदान कळलेलं असायचं, पण सांगण्याआधी ते विचारत, "जेवलास का?" पुढे पुढे, "जरा फ्यूज बघून घे," असंही होऊ लागलं. ड्रायव्हर फ्यूज शोधी, आणि शोधता शोधता माणूस बोलतो. सासऱ्याचं ऑपरेशन, मालकाचा हेका, घराला दिलेला चुकीचा रंग. मिस्त्री हुंकार भरत. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग ते खरी जागा सांगत, गाडी चालू होई, आणि खोलीत पुन्हा शांतता. सगळं तपासलेलं बरं, अशी मनाची समजूत होती. मनाची समजूत घालायला तरी दुसरा माणूस लागत नाही.

एके दिवशी दुपारी सव्वा वाजायच्या सुमाराला भोंग्याचा फोन आला. भोंग्या हा त्यांच्या दहा-बारा वर्षांच्या ओळखीतला ड्रायव्हर. आवाज असा की त्याला फोनची गरज का पडावी, असं वाटे.

"मिस्त्री, चढावर बंद पडली. चालू होते, पंधरा-वीस सेकंद चालते, मग मान टाकते."

"ऐकव."

भोंग्याने सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, पकडलं, आणि धाप लागलेल्या माणसासारखं हळूहळू विझलं.

"फिल्टर कधी बदललास?"

"कालच. रस्त्यातच बदलला."

झालं. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत होती. फिल्टर बदलताना बोल्टखालचं जुनंच वॉशर पुन्हा बसवलं असणार. नवं वॉशर टाकायचं, हातपंपाने हवा काढायची, पंधरा मिनिटांचं काम. मिस्त्रींच्या जिभेवर आलंच होतं.

"आज अडकून चालणार नाही हो," भोंग्या म्हणाला. "कागदाच्या गिरणीत माल टाकायचाय. पाचला गेट बंद होतं. इथून तीन तास आहे. माल उतरला की रात्री घरी. पोरगी उद्या सकाळी सहाच्या गाडीने जातेय."

"कुठे जातेय?"

"नर्सिंगला. लांब. आता सहा महिने सुट्टी नाही."

मिस्त्री खुर्चीत जरा सावरून बसले. ही भोंग्याची पोरगी त्यांना ठाऊक होती, म्हणजे फोनवरून ठाऊक होती. ती चौथीत असताना तिने बापाच्या ट्रकच्या दारावर खडूने बदक काढलं होतं, आणि तो महिनाभर तो दरवाजा धूत नव्हता.

"अर्थची वायर बघ बरं," मिस्त्री म्हणाले.

"अर्थची? इंजिन तर फिरतंय की."

"बघ तर."

भोंग्या वायर बघू लागला आणि बोलू लागला. पोरीने बॅग तीनदा भरून तीनदा उपसली. बायको धडपणे जेवत नाही. पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही तर महिन्यातून वीस दिवस बाहेरच असता, मी गेले काय, राहिले काय. "अशी बोलते, मिस्त्री. तिला म्हटलं, निघायच्या आदल्या रात्री मी घरी असणार. शब्द दिलाय."

"वायर कशी आहे?"

"घट्ट आहे."

"फ्यूज बघ."

फ्यूज बघून झाले. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का, तेही बघून झालं. मधे पोरीच्या मार्कांची गोष्ट निघाली, तिच्या मावशीची निघाली. कितीतरी दिवसांत मिस्त्रींच्या खोलीत इतकं घर भरलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांची पाठ होती. ते वळले तेव्हा दोन वाजून गेले होते.

"वॉशर," मिस्त्री घाईघाईने म्हणाले. "फिल्टरच्या बोल्टखालचं वॉशर बदल. पेटीत असेल. मग पंप मार, बुडबुडे थांबेस्तोवर."

गाडी चालू झाली तेव्हा दोन वीस झाले होते. "जिंकलंत, मिस्त्री!" भोंग्या ओरडला आणि फोन बंद.

मिस्त्रींनी हिशेब केला. दोन वीस आणि तीन तास. त्यांनी तो पुन्हा केला, जणू दुसऱ्यांदा केल्यावर रस्ता आखूड होणार होता. पाच वाजता त्यांनी चहा टाकला आणि तो तसाच भांड्यात राहू दिला.

आजवर मिस्त्रींनी कुणा ड्रायव्हरला आपणहून फोन केला नव्हता. गाडी पोहोचली की नाही, हे विचारायची तिथे रीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी भोंग्याचा नंबर लावला.

"मिस्त्री? तुम्ही? काय झालं?"

"मला काय होणार. गेट?"

"वीस मिनिटांनी हुकलं." भोंग्याचा आवाज आज फोनमध्ये मावत होता. "माल सोडून जाता येईना. कॅबिनमध्येच झोपलो. पोरगी सहाला गेली. तिची आई सोडायला गेली होती. तुम्ही होतात म्हणून बरं, नाहीतर दोन दिवस त्या चढावरच पडलो असतो. उपकार तुमचे."

इथे मिस्त्रींना "बरं, बरं" म्हणून फोन ठेवता आला असता. उपकार घेऊन स्वस्थ बसता आलं असतं. त्यांनी एकदा घसा साफ केला, मग पुन्हा केला.

"मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"वॉशर."

पलीकडे इंजिन नुसतंच चालू होतं. तब्येत छान होती त्याची.

"मग अर्थची वायर?" भोंग्याने विचारलं.

"उगाच."

"फ्यूज?"

"उगाच."

"आणि ते टाकीचं झाकण? मी उन्हात खाली वाकून त्या भोकात काडी घातली."

"तेही उगाच."

"का पण?"

आयुष्यभर लोकांनी मिस्त्रींना विचारलं होतं, का बंद पडली, आणि त्यांनी ताबडतोब सांगितलं होतं. आता त्यांना बराच वेळ लागला.

"तू बोलत होतास," ते म्हणाले. "इथे कुणी बोलत नाही."

भोंग्याने एक शिवी दिली, फार मोठी नाही, घरातल्या माणसाला द्यावी तेवढी.

"माणसाने सांगावं तरी," तो म्हणाला. "म्हणायचं, भोंग्या, करमत नाही. संध्याकाळी माल उतरवून हवं तेवढं बोललो असतो. मला तरी कोण आहे? दिवसभर आरशाशी बोलतो मी, तेही डाव्या. माझी पोरगी गेली, मिस्त्री."

"हो."

"तोंड बघायचं राहिलं."

"हो."

"नुसतं हो काय." आवाज चढला आणि मधेच खाली आला. "थांबा. तिचाच फोन येतोय."

आणि फोन बंद झाला. मिस्त्री तो कानाशी धरून बसले. पलीकडे बाप-लेक बोलत असतील, आपण मधे नाही, हे त्यांना बरं वाटलं. आणि भोंग्या पुन्हा फोन करील की नाही, हे काही त्यांना त्या बंद फोनमधून ऐकू येईना.

त्या दिवशी त्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुणा नव्याच ड्रायव्हरचा आला. स्टार्टर नुसताच टक टक करत होता. "बॅटरीचं टर्मिनल घास, घट्ट कर," मिस्त्री म्हणाले. वीस सेकंदही झाले नव्हते. ड्रायव्हरने टर्मिनल घासलं, गाडी घरघरली.

"काय कान आहे हो तुमचा!"

"गाडी झाली तुझी," मिस्त्री म्हणाले. "आता वेळ असेल तर दोन मिनिटं बोल. मी एकटाच असतो इथे. नसेल तर नीघ."

ड्रायव्हर जरा गोंधळला. "नाही हो मिस्त्री, आज घाई आहे."

"मग नीघ," मिस्त्री म्हणाले. "सावकाश जा."