ड्यूटीवर खाजगी बोलत नाहीत

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. म्हणजे नंबर फिरवला की आपोआप लागायचा नाही, मध्ये एक बाई भोकाभोकांच्या बोर्डासमोर बसलेली असायची आणि ती कॉर्ड खोचून जोडून द्यायची, तेव्हाची गोष्ट. ती बाई म्हणजे आत्या. नंतर मशिनं आली, तिला चौकशीच्या काउंटरवर बसवलं, पण तिच्या डोक्यातून बोर्ड काही गेला नाही. बाहेरगावचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा, म्हणून घरच्या फोनवरसुद्धा ती कधी तीन मिनिटांच्या वर बोलली नाही. माझा काका, म्हणजे तिचा भाऊ, अगदी रंगात आलेला असला तरी ही म्हणायची, तीन मिनिटं झाली, ठेवते. आणि खरंच ठेवायची. काका चिडून परत लावायचा, तर ही उचलायची नाही.

अख्ख्या गावाचं तिच्या कानातून गेलेलं. कोणाचं लग्न मोडलं, कोण कोणाला चोरून फोन करतं, सगळं. गल्लीतल्या बायकांनी किती खोदून पाहिलं. ही म्हणायची, मी फक्त लाईन जोडते, ऐकत नाही. साफ खोटं. ऐकायची सगळं, सांगायची नाही एवढंच.

तिनं लग्न केलं नाही. मला वाढवलं. माझी आई मला जन्म देताना गेली. बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, मी तीन वर्षांची असताना लांब कुठंतरी कामाला गेला आणि तिकडंच वारला. मी एका जागी बसत नाही म्हणून आत्या मला भिंगरी म्हणायची. नववीत मी शाळा सोडली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, नापास झालीस की कंटाळलीस. मी म्हटलं, कंटाळले. मग काम बघ, म्हणाली, घरात बसून कंटाळायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होते. अजून तिथंच आहे.

मला आयुष्यात तिच्याकडून एकच गोष्ट कळायला हवी होती. बापानं मला तिच्याकडं टाकलं, की तिनं मला मागून घेतलं? काकाकडं याची दोन उत्तरं आहेत. मूड बरा असला की म्हणतो, तुझ्या आत्यानं हट्टानं ठेवून घेतली तुला. भांडण झालं की म्हणतो, बापालाच नको होतीस. आत्याला विचारलं की ती म्हणायची, मोठी हो, मग सांगेन. मी मोठी झाले आणि ती विसरायला लागली.

आधी चष्मा, मग गॅस, मग बाथरूमची वाट. आता मीपण. ती सकाळी माझ्याकडं बघते आणि कुठल्यातरी शेजारणीला म्हणावं तसं म्हणते, या, बसा. मी तिला आंघोळ घालते, भरवते, दुकानात जाते, दुपारी पळत येऊन बघते, परत जाते. संध्याकाळी ती पर्स घेऊन दाराशी उभी. घरी जायचंय. मी म्हणते, हेच घर. ती म्हणते, असेल तुमचं, मला माझ्या घरी जाऊ द्या, पोरगी एकटी आहे. मी म्हणते, अगं मीच ती पोरगी. ती माझ्याकडं बघते आणि म्हणते, तुम्ही चांगल्या आहात, पण ती तुम्ही नाही. हे रोज. रोज म्हणजे रोज.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेव. संध्याकाळी बेचैन झाल्या की ऐकव, कधी कधी माणूस शांत होतं. मला बरं निमित्त मिळालं. मी फोन समोर ठेवून विचारायला बसले. कुठं जन्मलीस, शाळा कुठली, पहिला पगार कशावर उडवलास. ती फोनकडं बघायची, पदराचं टोक गुंडाळायची, सोडायची. एकदा म्हणाली, काय सारखं विचारता हो, दमले मी. मीपण दमले होते. आणि जे घेतलं त्यात तिच्या आवाजापेक्षा रस्त्यावरचे हॉर्नच जास्त.

आवाज नीट यावा म्हणून मी दुकानातून एक हेडसेट आणला. कॉल सेंटरमधल्या कुणीतरी दुरुस्तीला टाकलेला आणि न्यायलाच न आलेला. दोन्ही कानांवर बसणारा, पुढं माईकची दांडी. मी तो तिच्या डोक्यावर चढवला, आणि आत्या ताठ बसली.

मी खरंच सांगते, कणा सरळ झाला तिचा. माईकची दांडी तिनं स्वतः ओठांशी नीट केली. उजवा हात पुढं गेला, हवेत कुठल्यातरी भोकात कॉर्ड खोचल्यासारखा, आणि कित्येक महिन्यांत न ऐकलेल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "नंबर बोला."

मला वाटलं, लॉटरी लागली. मी लगेच विचारलं, आत्या, तुझी आई कशी होती?

"ड्यूटीवर खाजगी बोलत नाहीत. नंबर बोला."

झालं. हेडसेट काढला की हिला काही आठवत नाही, घातला की सगळं शाबूत पण सांगणार नाही. दोन दिवस मी डोकं आपटलं. त्यातच काका आला, हेडसेट घालून बसलेल्या बहिणीला बघून म्हणाला, म्हातारीचं माकड केलंयस तू. आणि मग हळूच खरा विषय काढला. कुठंतरी चांगलं आहे म्हणे, तिथं माणसं असतात बघायला. मी म्हटलं, इथं काय भुतं आहेत? बहिणीला भेटायला यायचंय तर या, जागा बघायला जायचंय तर स्वतःसाठी बघून ठेवा. आत्या त्याला म्हणाली, लाईनवर आवाज करू नका. मला हसू आलं. काका चहा न घेताच गेला.

तो गेल्यावर मी तिच्यासमोर बसकण मारली. आणि सुचलं. हिला काही विचारायचं कशाला? फोन लावायचा.

मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, ताई, ट्रंक कॉल बुक करायचाय.

"ऑर्डिनरी की अर्जंट?"

"अर्जंट."

"जास्त पैसे पडतील. नंबर बोला."

मी आमच्या घरचा जुना नंबर सांगितला. तो मला माझ्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ आहे. कोणाशी बोलायचंय म्हणून तिनं विचारलं. मी आत्याचं नाव सांगितलं. ती जराही अडखळली नाही. लाईनवर राहा म्हणाली, हवेत दोन कॉर्ड खोचल्या, थांबली. मग मान हलवून म्हणाली, बोला, पार्टी आलीय. आणि तिनं हेडसेट काढून मांडीवर ठेवला, नुसता हात कानाशी नेला, आणि आवाज बदलला. हा घरचा आवाज होता. मला झोपेतून उठवणारा.

"कोण? धाकट्या?"

धाकट्या म्हणजे माझा बाप. मी तोंड उघडलं. नाही म्हटलं असतं तर फोन कट झाला असता. मी म्हटलं, हो.

"आवाज बायकी येतोय तुझा."

"लाईन खराब आहे."

हे तिला एकदम पटलं. पुढं ती सरळ बोलत गेली. पोरगी बरी आहे, आज दोनदा जेवली. रात्री दचकते, पण आता कमी. तू न्यायला येतोयस असं कळलं. यायचं नाही.

मी हळूच विचारलं, का?

"का म्हणजे? एक्स्चेंजच्या पायरीवर बसवून गेलास तू तिला. मला बोर्ड सोडून उठता येईना. वॉचमन येऊन म्हणाला, तुमचं लेकरू बाहेर बसलंय. तुमचं म्हणाला तो. ड्यूटी संपेपर्यंत ती तिथंच, बूट छातीशी धरून. रडली नाही. मला बघून म्हणाली, तू आत्या का? तेव्हा मला विचारलं नाहीस, धाकट्या. आता मला विचारल्याशिवाय न्यायची नाही. आणि विचारलंस तर मी नाही म्हणणार आहे."

मला तो बूट आठवत नाही, वॉचमनही नाही. पायरी तेवढी आठवते, गार होती. बाप खरा काय म्हणाला असेल तेव्हा, कुणास ठाऊक. पण त्या दुपारी फोनवर मी होते.

मी म्हटलं, "ठेव मग. तुझीच आहे."

"ते तू सांगायला नको," आत्या म्हणाली.

मग तिनं मांडीवरचा हेडसेट उचलून डोक्यावर चढवला.

"तीन मिनिटं झाली. वाढवायचं?"

"वाढवा," मी म्हटलं. मला अजून खूप विचारायचं होतं. तिनं हवेत कॉर्ड दाबून पाहिली, ऐकलं, मान हलवली. "पार्टीनं फोन ठेवलाय."

त्यानंतर मी तो कॉल कितीतरी वेळा बुक केला. आत्या दर वेळी नेमानं लावते, थांबते आणि म्हणते, उत्तर मिळत नाही, नंतर प्रयत्न करा. एवढ्यात तर हेडसेट चढवला तरी ती नुसती बसून राहते.

काकाची दोन्ही उत्तरं खरी निघाली. मी त्याला सांगितलेलं नाही. लाईनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नसतं.

कालही संध्याकाळी ती पर्स घेऊन दाराशी गेली. पायात चपला, पोरगी एकटी आहे, जाऊ द्या मला. मी दुकानातून नुकतीच आले होते, पोटात काही नव्हतं, वाद घालायचं बळ नव्हतं. मी फोन काढून ते रेकॉर्डिंग लावलं. आत्या दाराला धरून उभ्या उभ्या ऐकत राहिली, अगदी 'मी नाही म्हणणार आहे' पर्यंत.

मग मला म्हणाली, "ही बाई बरोबर बोलते. पोरगी द्यायची नाही."

"नाही दिली तिनं," मी म्हटलं.

"मग ठीक आहे."

तिनं एक चप्पल काढली आणि खुर्चीवर बसली. दुसरी मी काढली.