इकडे बघा

चौतीस-पस्तीस साल असेल. नदीच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला आणि माझा खुबा मोडला. हाडवैद्याने बसवला, तो वाकडाच. तीन महिन्यांनी उठलो तेव्हा साधी मांडीही घालता येईना. आणि माझं काम आसनं शिकवण्याचं.

पंचवटीतल्या एका तालमीत सकाळी माझा वर्ग भरे. तोवर शिकवणं म्हणजे आपण करून दाखवायचं आणि "इकडे बघा" म्हणायचं. आता स्टुलावर बसून नुसतं बोलायचं होतं, आणि बोलायला माझ्यापाशी गुरुजींकडून पाठ केलेले संस्कृत शब्द तेवढे होते. "मेरुदंड सरळ, दृष्टी नासाग्री," मी म्हणे. पहिलवान छाती फुगवून बसत. मागावर बसून पाठ आखडलेला एक मोमीन विणकर येई. तो आदराने मान डोलवी आणि काहीच करत नसे. आवाज चढवला की घाबरून सगळेच भलतं काहीतरी करत. घरी आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बसे. दुसरं काही मला येत नव्हतं.

वर्गात कोर्टातले एक नक्कलनवीस होते. पन्नाशीचे, सडपातळ, दिवसभर दुसऱ्यांचे कागद उतरवून काढणारे. त्या सकाळी सर्वांगासन चाललं होतं. म्हणजे खांद्यांवर अंग तोलून पाय सरळ वर. त्यांचे पाय डोक्याकडे कलत होते. "कंबर पुढे घ्या," मी तीनदा सांगितलं. त्यांना उमगेना. चिडून जुन्या सवयीने मी ओरडलो, "अहो, इकडे बघा!"

त्यांनी बघितलं. अंगाचा सगळा भार खांद्यामानेवर असताना मान माझ्याकडे वळवली, आणि ते कोसळले. विणकराने धावत जाऊन त्यांना सावरलं. मी स्टुलावरून उठेपर्यंत ते बसते झाले होते.

"मास्तर, उजव्या हाताला मुंग्या आल्यात," ते म्हणाले.

मुंग्या गेल्या नाहीत. आठ दिवसांत बोटांत टाक ठरेनासा झाला. शीर दबली आहे, वाट बघा, एवढंच डॉक्टर म्हणाले. मी रोज काठी टेकत त्यांच्या घरी जाई. वहिनी दार उघडत, पाण्याचा तांब्या ठेवत, माझ्याशी एक शब्द बोलत नसत.

एकदा मला राहवलं नाही. "मला शिव्या तरी द्या हो," मी म्हणालो.

"शिव्या कशाला?" ते शांतपणे म्हणाले. "समोर असेल ते तसंच्या तसं उतरवायचं, तीस वर्षं हेच केलं. तुम्ही बघा म्हणालात, मी बघितलं."

त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. मी वर्ग बंद केला. घाटाकडे जाणंही टाळू लागलो. तिथे गेलो की नको इतका वेळ पाण्याकडे बघत राही.

पंधरा दिवसांनी विणकर घरी आला. "उस्ताद, पाठ लय दुखते. शिकवा."

"माझ्याने होणार नाही. दुसरा कुणी बघा."

तो सरळ ओसरीवर उताणा झाला. "ते मेरुदंड मला समजत नाय. पाठ समजते. पाठीचं सांगा."

मी काठी टेकत त्याच्यापाशी गेलो. विचारलं, "पाठ कुठे टेकली आहे?"

"खांद्यांपाशी. कमरेखाली हात जाईल एवढी फट हाय."

"श्वास सोडताना ती फट हळूहळू मिटवा. जोर लावू नका."

त्याने मिटवली. मोडल्या खुब्यानंतर माझ्या बोलण्याने कुणी नेमकं मी सांगितलं तेच पहिल्यांदा केलं होतं. मला हुंदका आवरेना.

"रडता काय? पुढचं सांगा," तो पडल्यापडल्या म्हणाला.

वर्ग पुन्हा भरला. आता एका वेळी एकच गोष्ट सांगे, आणि ती कशी कळली ते आधी विचारून घेई. पहिलवानांना दंड-बैठकांच्या भाषेत सांगे, विणकराला त्याच्या मागाच्या. सर्वांगासन मात्र परत कुणालाच सांगितलं नाही. मास्तर फार सावकाश शिकवतात, असं लोक कौतुकाने म्हणत. ती भीती होती. प्रत्येक शब्द तोंडातून सोडण्याआधी मी मनात दोनदा तपासून बघे, आणि ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

नक्कलनविसांच्या दोन बोटांत जीव परतला, बाकीच्यांत नाही. कचेरीने त्यांना दप्तरखान्यात गठ्ठे बांधायला बसवलं. सुतळीची गाठ ते दातांनी ओढत. वहिनी माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत.