‘मे’ आणि ‘विल’मधला फरक

“मिस, तुमची यादी चुकलीये.”

आर्या मेश्राम माझ्या टेबलासमोर उभी होती. वय सतरा. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या वर्क व्हिसावर नागपूरहून मिल्टन कीन्सला आलेली. मी इथल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या कॉलेजात, करिअर्स ॲडव्हायझर आहे. कुठल्या युनिव्हर्सिटीत काय मिळतं हे मुलांना सांगणं हेच माझं काम. ऑटोमॅटिक स्कॉलरशिपची ती यादी मी अकरा वर्षं सांभाळत होते.

ऑटोमॅटिक म्हणजे वेगळा अर्ज नाही, निबंध नाही, इंटरव्ह्यू नाही. ठरलेल्या ग्रेड्स आल्या की स्कॉलरशिप आपोआप मिळते. आर्याला ती हवीच होती. व्हिसावर आलेल्या मुलांना इंटरनॅशनल, म्हणजे कितीतरी जास्त, फी पडते आणि सरकारी स्टुडंट लोन मिळत नाही. फी निम्म्यावर आली तरच इथे फिजिक्स. नाहीतर नागपूरला मावशीकडे राहून शिकायचं, असं घरी ठरलं होतं.

“काय चुकलंय?” मी जरा कडकच विचारलं.

“सतरा नावं आहेत. तेरा ठिकाणी ‘मे बी अवॉर्डेड’ लिहिलंय. म्हणजे देतीलच असं नाही. ‘विल बी अवॉर्डेड’ फक्त चार ठिकाणी. त्यातल्या दोन होम स्टुडंट्ससाठी, म्हणजे इथली कमी फी भरणाऱ्यांसाठी, एक परदेशात शिकून आलेल्यांसाठी. माझ्यासाठी एकच उरते.”

तिने वही पुढे केली. प्रत्येक युनिव्हर्सिटीला एक पान. नियमातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं. खाली फोन केल्याची वेळ, बोलणाऱ्याचं नाव.

“हे सगळे फोन तू केलेस? कधी?”

“लंच ब्रेकमध्ये. बाइक शेडमागे. तिथे कोणी ऐकत नाही.”

वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली की मान खाली घालणारी ही मुलगी.

उरलेल्या त्या एका युनिव्हर्सिटीच्या अटी दोन होत्या. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, तिन्ही विषयांत ए. आणि तीच युनिव्हर्सिटी ‘फर्म चॉइस’, म्हणजे पहिली पसंती, ठेवायची. आर्याला शिक्षकांनी फिजिक्समध्ये ‘बी’ ग्रेडचा अंदाज दिला होता.

तिच्या बाबांना मी बोलावून घेतलं. ते म्हणाले, “मॅडम, दुसरीकडूनही ऑफर आहे. केवढं मोठं नाव आहे ते!”

“बाबा, तिथे स्कॉलरशिप आपण मागायची आणि द्यायची का ते त्यांनी ठरवायचं,” आर्या म्हणाली. “इथे मार्क ठरवतात.”

“आणि बी आला तर?”

“तर मी नागपूरला जाईन.”

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

ऑनलाइन अर्जात ‘फर्म’चं बटण दाबण्याआधी मी त्या युनिव्हर्सिटीला स्वतः फोन केला. ॲडमिशन्सच्या बाई हसल्या. “तुमच्या कॉलेजची एक मुलगी तीनदा बोलली आमच्याशी. इथेच राहणारी, पण इंटरनॅशनल फी भरणारी मुलं यात बसतात का, हे आमच्या वेबसाइटवर स्पष्ट नव्हतं. तिने लेखी उत्तर मागितलं. मग आम्ही मीटिंग घेतली आणि ते वाक्यच बदललं. आता बसतात.”

मी फोन ठेवला. अकरा वर्षांत मी कुठल्याच युनिव्हर्सिटीला एक शब्द बदलायला लावला नव्हता. तसं करता येतं हेच मला सुचलं नव्हतं.

ऑगस्टमधल्या रिझल्टच्या सकाळी ती बाबांना घेऊन हॉलमध्ये आली. मॅथ्स ए, केमिस्ट्री ए, फिजिक्स ए. आम्ही तो कागद धड पाहतोय तोवर तिच्या फोनवर स्कॉलरशिपचा ईमेल येऊन पडलाही होता.

“मॅडम, सही कुठे करायची?” बाबांनी विचारलं.

“कुठेच नाही.”

त्यांचा विश्वास बसेना. खरं तर माझाही पटकन बसला नाही.

आर्या आता सेकंड इयरला आहे. माझ्या यादीत सध्या चारच नावं आहेत. दर वर्षी मी ती मुलांना देते आणि स्वतः फोन करून तपासा म्हणून सांगते. अजून तरी कोणी फोन केलेला नाही.