लो फ्लोअर बसचा मान

आमच्या घराण्याचा पहिला जावई ही एक बस आहे. हसू नका, हे मी अत्यंत दुःखाने सांगतोय.

नाशिकमध्ये सिटी बस म्हणजे तोवर तीन पायऱ्यांचा गड होता. दांडा धरायचा, गुडघ्यावर हात ठेवायचा, ‘आई गं’ म्हणायचं आणि चढायचं. अशात लो फ्लोअर बस येणार अशी बातमी आली आणि मी वेडा झालो. पायरीच नाही! फुटपाथवरून पाय उचलला की थेट बसमध्ये! ऑफिसात, न्हाव्याकडे, भाजीवालीकडे मी या बसचं असं कौतुक केलं की लोक मला बघून रस्ता बदलू लागले. आणि नेमका ज्या दिवशी ती पहिल्यांदा धावणार, त्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, साखरपुडा निघाला.

साखरपुडा नाशिकरोडच्या एका कार्यालयात. घरची मंडळी जीपने पुढे जाणार आणि मी बाजारातून नवऱ्या मुलाचा हार, पेढ्यांचा खोका, वर्ख लावलेला नारळ आणि साखरेचा पुडा घेऊन मागून येणार, असं ठरलं.

“रिक्षाने ये,” आई म्हणाली. “सुमनचं स्थळ फार मुश्किलीने जमलंय. मुलाकडची माणसं मानपानाची आहेत. घोळ घालू नकोस!”

“आई, रिक्षात पेढ्यांचा भुगा होतो. लो फ्लोअरमध्ये पाण्याचा पेला हिंदकळत नाही!” (हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही!)

इस्त्रीचा सफारी, कपाळाला गंध, हातात हार-नारळाचं तबक, काखेत खोका, खांद्याला पिशवी, अशा थाटात मी स्टॉपवर पोचलो. बस उभी होती. नवीकोरी! कंडक्टर मला पाहताच धावत आला.

“या साहेब, या! केव्हापासून वाट बघतोय तुमची!”

आयुष्यात मला कंडक्टरने ‘पुढे सरका’ याखेरीज काही म्हटलेलं नव्हतं. माझी छाती फुगली. त्याने अदबीने तबक घेतलं, खोका घेतला आणि मला खिडकीजवळ बसवलं. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात सेवा! लो फ्लोअरमध्ये सामानसुद्धा धरायला माणूस!

एवढ्यात समोरून आवाज आला. धाड!

मी वाकून पाहिलं. आमचा वर्खाचा नारळ पुढच्या चाकापाशी दोन शकलं होऊन पडला होता आणि ड्रायव्हर आमच्या जावयाचा हार काचेवर बांधत होता! मी दचकून उठलो आणि मटकन खाली बसलो तो नेमका शेजारी ठेवलेल्या पिशवीवर. आत साखरेचा पुडा होता. होता!

“अहो, हे काय करताय? ते साखरपुड्याचं सामान आहे!”

“आँ? तुम्ही डेपोच्या ऑफिसातून गाडीच्या पूजेचं सामान घेऊन आला नाहीत?”

“नाही हो!”

“मग आधी बोलायचं ना राव! मी हातातून घेतलं तेव्हा तर हसत होता!”

मी धावत पुढे गेलो, हाराला हात घातला. ड्रायव्हर भडकला. “गाडीला घातलेला हार काढता? पहिला फेरा आहे, वाटेत काही झालं तर निस्तरायला येणार का?” आख्खी बस त्याच्या बाजूची! नवी गाडी म्हणजे पेढे हे लोकांना सांगावं लागत नाही. खोका एव्हाना मागच्या सीटपर्यंत जाऊन आला होता. फेटा बांधलेले एक काका तोंड भरून अहिराणीत म्हणाले, “भाऊ, पेढा झकास शे! आखो एक दे ना!”

“तो शेवटचा आहे हो...” मी रडकुंडीला येऊन म्हणालो. तोही त्यांनी घेतला.

नाशिकरोड येईपर्यंत तो हार माझ्या डोळ्यांसमोर डोलत होता. देवा, निदान अपघात तरी होऊ दे, असं मी एकदा मनात म्हटलं; पण पेला खरंच हिंदकळला नसता हो! स्टॉपवरच्या फुलवाल्याकडे लग्नसराईमुळे उरला होता फक्त एक गजरा. तो घेतला.

कार्यालयात शिरलो. रिकामा खोका, चपटा पुडा, गजरा. आईने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सुमनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नवऱ्या मुलाचे वडील उठून उभे राहिले. “हा आमचा मान?” त्यांचा आवाज चढला. “चला रे, गाडी काढा!”

संपलं. माझ्या कौतुकापायी पोरीचं लग्न मोडलं!

तेवढ्यात दारातून ओळखीचा फेटा आत आला. सटाण्याहून आलेले मुलाचे मामा! मला बघताच ओरडले, “आरे, हाऊ ते पेढावाला शे!”

मी हात जोडून सगळं सांगितलं. मामा मिशीवरचा पेढ्याचा कण पुसत मुलाच्या वडिलांना म्हणाले, “दाजी, खाली बसा. पेढा मी खाई लिधा. तोंड गोड हुई गयं, आते काय मोडनार?”

मुलाचे वडील त्या मिशीकडे बघत राहिले, आणि बसले. नवरा मुलगा मनगटाला गजरा बांधून घेत म्हणाला, “पहिला हार बसच्या गळ्यात पडला, म्हणजे थोरला जावई ती. आम्ही धाकटे जावई.”

तेव्हापासून लो फ्लोअर दिसली की आमचे मेव्हणे भर रस्त्यात हात जोडतात. “नमस्कार साडूबुवा!” मी मान खाली घालून चालू लागतो.

परवा त्यांच्याबरोबर स्टॉपवर उभा होतो. समोर विजेवर चालणारी नवी बस येऊन थांबली. आवाज नाही, धूर नाही. मेव्हण्यांनी तिला निरखून पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“साडूंचं पोर हो! किती गुणी आहे बघा. मामा म्हणून काही घालणार की नाही भाच्याला?”

माझ्या पिशवीत सत्यनारायणासाठी घेतलेला हार आणि नारळ होता. कंडक्टर दारात हसत उभा होता. मी रिक्षा केली.