मानमोडीत मामाजींना पाजलेली पेज

मानमोडीची, म्हणजे त्या जीवघेण्या तापाची, साथ आमच्या गावात आली तेव्हा मला सासरी येऊन दोन वर्षं झाली होती. आठ दिवसांत घराघरांतली धडधाकट माणसं आडवी झाली. कापूस वावरात फुटून लोंबत होता, वेचायला कोणी नव्हतं. आमच्या घरी सगळ्यांत आधी मी पडले, म्हणून आधी उठलेही. उठून पाहते तर माझे मालक, थोरले दीर आणि जाऊ, तिघंही तापाने फणफणलेले.

सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, ताप नव्हता. पण त्यांची कंबर आधीच गेलेली. पडवीतल्या बाजेवर ते पडून असत. त्यांना उठवणं-बसवणं दीर करायचे, आता दीरांनाच शुद्ध नव्हती. आणि मी? पदर नाकापर्यंत ओढून ताट सरकवायचं आणि मागे फिरायचं, एवढीच आमची ओळख. दोन वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता.

सकाळी मी पाण्याचा गडवा बाजेजवळ ठेवून आत गेले. दुपारी पाहिलं तर गडवा तसाच भरलेला. त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता आणि ते मागतही नव्हते.

तेवढ्यात गावची सुईण आली. साठीची, एकटी बाई. साथीच्या दिवसांत ती घरोघर फिरून आजाऱ्यांचं पाहत होती. तिने मामाजींच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळली.

"व्हट पाह्यले काय यायचे? पार तडकले. कवापासून पानी नाई पेले?"

मी भरलेल्या गडव्याकडे बोट दाखवलं.

"ताप नाई म्हनून म्हाताऱ्या मानसाकडं कोनी पाहत नाई. मंग तो बिनतापाचाच मरते. ये इकडं, हात लाव."

मी मागे सरकले. सासऱ्यांना हात कसा लावायचा?

"अवं, मी साऱ्या गावात फिरून राह्यली. मले काई रोज येनं जमत नाई. लाव हात!"

तिने माझा हात धरून मामाजींच्या मानेखाली घातला. आधी कुशीवर वळवायचं, मग डोकं उचलायचं. निजलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागतो. एक घोट गिळला की मगच दुसरा. पाठ लाल झाली का ते रोज पाहायचं, तेल लावायचं, दिवसातून तीनदा कूस बदलायची. हे सगळं तिने उभ्या उभ्या शिकवलं आणि पुढच्या घरी गेली.

संध्याकाळी मी ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज केली. मामाजींनी तोंड मिटून घेतलं.

"मले कायले देतं, पोरी? माह्यं झालं आता. लेकाले दे."

मी चमचा त्यांच्या ओठांशीच धरून ठेवला. आणि पहिल्यांदाच बोलले.

"मामाजी, त्याइच्यासाठी येगळी शिजवली हाय. हे तुमचीच हाय. तुमी नाई पेले तं मी बी जेवनार नाई."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आवाज तं ग्वाड हाय वं तुहा." आणि त्यांनी तोंड उघडलं. निम्मी पेज हनुवटीवरून ओघळली. ती मी पदराने पुसली आणि डोक्यावरचा पदर सरकला तो तसाच राहिला.

दोन दिवसांनी सुईण मला शेजारच्या घरांत घेऊन गेली. दर घरी एखादं म्हातारं माणूस असंच कोपऱ्यात पडलेलं. "जो वरडते त्याले कोनी तरी पानी देते," ती म्हणाली. "जो वरडत नाई त्याच्याकडं पयले जाय." मी सकाळ-संध्याकाळ पाच घरं करू लागले. त्यातल्या दोन म्हाताऱ्या गेल्या, तिघं तगली.

आमच्या घरी मालक आणि दीर तापातून उठले. माझी जाऊ मात्र वाचली नाही. ती गेली तेव्हा मी शेजारच्या आजीची कूस बदलत होते. पुढे कितीतरी दिवस मला घास गिळवत नव्हता. दीरांनी मला कधी बोल लावला नाही. मामाजींनीही नाही. ते फक्त मी जेवायला बसले की, "भाकर घेतली काय?" असं बाजेवरून विचारत.

साथ ओसरता ओसरता सुईणच तापाने पडली. तिच्या घरी पाणी द्यायला कोणी नव्हतं. मामाजींनी हुकूम सोडला, "तिची बाज माह्या बाजेजवळ आना." भिंतीला टेकवून बसवलं की आता ते थोडा वेळ बसू शकत. तेवढ्यात ते तिला चमच्याने पेज पाजत. ती डोळे मिटूनच त्यांना रागवायची, "हळू पाटील, गिळू तं द्या!" मामाजी हसत आणि चमचा धरून थांबत.

नवव्या दिवशी ती उठून बसली. अंगात ताकद नव्हती, पण आसेगावच्या वाटेवरच्या एका वस्तीतून तिला बोलावणं आलं, बाई अडली होती. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं. तिने माझ्याकडून गरम पेज मागून प्यायली, लुगडं नीट खोचलं आणि बैलगाडीत चढून बसली.