राघोदादाचा उजवा हात

माथेरानच्या शाळेत तिसरीचा वर्ग चालू असताना निरोप आला. भिसेगावचा एक माणूस नेरळहून डोंगर चढून आला होता. दारातूनच म्हणाला, "मास्तर, राघोदादा गेले. तीन दिस ताप व्हता..." मी खडू खाली ठेवला, पोरांना सोडले आणि त्याच्यामागून वाट उतरू लागलो. रडू आले नाही. कित्येक वर्षे दादाला सांगायची राहिलेली एक गोष्ट तेवढी मनात घोळत होती, आणि ऐकणारा आता उरला नव्हता. त्याला महिना झाला. ती गोष्ट आज इथे लिहितो आहे.

राघोदादा माझा थोरला चुलतभाऊ. महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेला आणि उजव्या खांद्यातून आरपार गोळी लागून मुंबईच्या लष्करी इस्पितळात आला. जखम भरली, हाड सांधले, पण सांधा आखडला. त्याला घरी आणायला मी गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला शेजारी बसवून सारे शिकवले. आधी गरम फडक्याने शेकायचे, तेल चोळायचे, मग कोपर तळहातावर घेऊन हात हळूहळू वर न्यायचा. दुखले की थांबायचे, पण सोडायचे नाही. रोज दोनदा, तीन महिने. "हे आत्ता झाले नाही तर पुढे होणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात, तुमच्यावर सोपवतो." हात किती वर जातो ते दर पंधरवड्याला कळवायला त्यांनी छापील कार्डे दिली.

पहिले तीन आठवडे मी नेमाने केले. लढाईहून आलेला तो धिप्पाड माणूस माझ्या हाताखाली गुरासारखा ओरडे. काकू दाराशी उभी राहून रडे, "सोड रं त्याला, जीव घेतोस काय!" मग एक दिवस चुकला, मग दोन... दादाही काही बोलला नाही, त्यालाही सुटल्यासारखे वाटले असावे. तेवढ्यात माझी माथेरानला नेमणूक झाली. निघण्यापूर्वी एका दुपारी उरलेली सगळी कार्डे मी एका बैठकीत लिहून काढली. संशय नको म्हणून मधे शाई बदलली. 'हात खांद्याच्या वर जातो.' 'हात डोक्यापर्यंत जातो.' वेळ येईल तसतशी ती टपालात टाकत गेलो. शेवटी इस्पितळाचे पत्र आले. प्रगती समाधानकारक आहे, पुन्हा येण्याची गरज नाही. दादाला वाचता येत नव्हते. मी त्याला एवढेच म्हणालो, "बोलावलेलं नाही."

त्याचा हात छातीच्या वर पुन्हा कधी गेला नाही. नांगर तो डाव्या हाताने रेटी, तास वाकडे जाई. मी सुट्टीत आलो की तो माझ्यासाठी बांधावर येऊन उभा राही, डावा हात उंच करून हाक मारी. मी पाहून न पाहिल्यासारखे करी.

मग एका दिवाळीत घरी गेलो तो पडवीत कोणी किंचाळत होते. कुंभिवलीचा तुकाराम, सरहद्दीवरून खांदा मोडून आलेला जवान. दादाने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले होते. डॉक्टरांचे ते सारे शिकवणे दादाला तोंडपाठ होते. डाव्या हातावर तुकारामाचे कोपर घेऊन तो म्हणत होता, "वरड. वरडायला पैसे नाय पडत. पन मी सोडनार नाय."

"दादा, फार दुखतंय रे त्याला," मी म्हणालो.

"दुखनारच," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "कुनीतरी नेट लावून धरायला लागतं रं."

मी तिथून उठून ओढ्यावर जाऊन बसलो. हा टोमणा होता का? दादाला कळले होते का? विचारण्याची हिंमत झाली नाही. होळीला तुकारामाने दोन्ही हात वर करून आढ्याला लावून दाखवले तेव्हा दादा लहान पोरासारखा हसला. दादा गेला त्या दिवशी त्याच तुकारामाने तिरडीला पहिला खांदा दिला. मी मात्र मागे गर्दीतच राहिलो.

तेराव्यानंतर सगुणावहिनी एकटी बसून दादाचे सदरे घड्या करून ठेवत होती. मी समोर बसलो आणि सगळे सांगितले. कार्डे, शाई, ते पत्र... तिने हातातला सदरा मांडीवर ठेवला.

"मला सांगून काय उपेग, भावजी?" ती म्हणाली. "त्यास्नी सांगायला पायजे व्हतं. इस्पितळानं परत कसं नाय बोलावलं, इचारायचे मला. मग म्हनायचे, इतके शिपाई, इसरले असतील. तुमच्यावर कधी संशेव आला नाय त्यांचा."

हात वर न करता घालता यावेत म्हणून प्रत्येक सदऱ्याचा उजवा खांदा उसवून तिने तिथे नाड्या शिवल्या होत्या. रोज सकाळी त्या तीच बांधून देई. बोलता बोलता मांडीवरच्या सदऱ्याच्या नाड्या तिने बांधल्या, आणि भानावर येऊन पुन्हा सोडल्या.