पुण्यासमोरचा रिकामा रकाना

वंदना मेश्राम गेल्याचं मला आमच्या संस्थेतल्या एका कारकुनानं फोनवर कळवलं. मी सकाळी भाजी चिरत होते. "मेश्राम मॅडम वारल्या काल. हार्ट अटॅक," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत पुढे, "पेपरला बातमी द्यायचीय. त्यांचं पद नक्की काय होतं हो?" ज्या संस्थेत तिनं उभी हयात घालवली, तिथे तिचं पद कोणाला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "संख्याशास्त्रज्ञ. लिहा." "एवढंच?" "एवढंच. तुमच्याकडे ती एवढीच होती." फोन ठेवला. रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. आता काही आठवडे उलटले, तरी तो उतरलेला नाही. लोक सांगतात, गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं. वंदनाबद्दल शांतपणे लिहिणारे पुष्कळ निघतील, म्हणून मी राग आहे तोवरच लिहिते आहे.

मी त्या संस्थेत ग्रंथपाल होते आणि ती नव्यानं रुजू झालेली. भंडाऱ्याकडची. वडील शाळामास्तर, घर बौद्ध, भावंडांत हीच गणितात हुशार, म्हणून पुण्याला शिकायला पाठवलेली. शिक्षण संपल्यावर तिनं सदाशिव पेठेत खोली शोधायला सुरुवात केली. एका घरावर "खोली भाड्याने देणे आहे" अशी पाटी होती. मालकीणबाईंनी नोकरी विचारली, पगार विचारला, स्वयंपाकात काय काय करता तेही विचारलं, आणि शेवटी आडनाव. आडनाव ऐकल्यावर म्हणाल्या, "अहो, खोली कालच दिली." वंदनानं विचारलं, "मग ही पाटी आज कोणासाठी आहे?" हा प्रसंग ती हसत सांगायची. नारायण पेठेतल्या आमच्या घरी जेवायला बसल्यावर, माझ्या सासूबाईंच्या देखत मुद्दाम सांगायची. आम्ही सगळे हसायचो, आणि मग कोणीतरी आमटी वाढायचं... ती पुढे धनकवडीत राहिली, शेवटपर्यंत.

ते दिवस उदारीकरणाचे होते. पेन्शनरांचं गाव म्हणवणाऱ्या पुण्यात काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. ज्यांची मुलं संगणकाच्या कंपन्यांत लागली ते चालताना जरा ताठ चालत होते. त्याच सुमारास शेजारच्या देशांतल्या काही संस्था एकत्र आल्या. विकास टिकाऊ आहे की नुसता दिखाऊ, हे ओळखायचे निर्देशक त्यांना ठरवायचे होते. निर्देशक म्हणजे साध्या भाषेत मापं. नदी किती जिवंत आहे, हवा कशी आहे, घरात पाणी आहे का, मुली शाळेत टिकतात का... ही मापं सगळ्यांनी मिळून तयार करायची, मग काठमांडू, ढाका, कोलंबो आणि पुणे या शहरांत तीच्या तीच लावून बघायची, आणि जे माप खोटं बोलेल ते टाकून द्यायचं. पुण्यातली चाचणी वंदनाकडे आली. इतक्या आनंदात मी तिला आधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "बघ ना, चार देश एकमेकांना विचारून मोजणार. भांडायला एकत्र येतात, मोजायला कोण येतं?"

पहिलंच माप होतं नळाचं. किती घरांना नळ आहे. त्यात पुणं झकास निघालं. आमचे संचालक खूश झाले, वंदना मात्र कात्रजच्या डोंगरउतारावरच्या एका वस्तीत जाऊन बसली. एकदा मीही तिच्याबरोबर गेले होते. हिराबाई नावाच्या बाईंच्या दारात सरकारी नळ होता, त्याच्या तोंडाला चिंधी बांधलेली. वंदनानं विचारलं, "पाणी कधी येतं?" हिराबाई म्हणाल्या, "येईल तवा. सकाळी न्हाई तर दुपारी. कुनीतरी बसून ऱ्हावं लागतं. मी कामाला जाते, मग पोरगी बसती." पोरगी दारातच होती. शाळेच्या वेळेला घरी. दुसऱ्या दिवशी तिनं नवं माप मांडलं: बाईचा आणि मुलीचा किती वेळ पाण्यापायी जातो. ते तिनं बाकीच्या तिन्ही शहरांना कळवलं. काठमांडूच्या शर्मिला नावाच्या बाईंचं उत्तर सगळ्यांत आधी आलं, की आमच्याकडेही हेच आहे, आम्हीही हे लावून बघतो. मग ढाक्यानं आणि कोलंबोनंही होकार दिला. त्या चाचणीसाठी वंदनानं वस्तीत कित्येक महिने घालवले. प्रत्येक दारात ती एकच वाक्य बोलायची, "जे निघेल ते आधी तुम्हाला येऊन सांगीन."

चाचण्या संपल्यावर सगळ्या देशांची बैठक पुण्यात भरली. संचालकांना पाहुण्यांना नव्या संगणक उद्यानाची सैर घडवायची होती. ते स्वतःच्या गाडीनं हार-तुरे घेऊन पुढे गेले. मागून येणाऱ्या बसची व्यवस्था वंदनाकडे होती, आणि तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "आधी कात्रज." पाहुणे वस्तीत उतरले तेव्हा पाण्याची रांग लागलेली होती. कोणी भाषण केलं नाही. वंदना एवढंच म्हणाली, "ज्यांना उभं राहायचंय त्यांनी उभं राहावं." कोलंबोचे एक वयस्कर प्राध्यापक होते, टाय लावलेले. त्यांनी हिराबाईंच्या हातातली कळशी घेतली आणि रांगेत उभे राहिले. शर्मिलाबाई बायकांशी हिंदीत बोलत होत्या, पदर सावरत, घरच्यासारख्या. पाणी आलं, बारीक धार. रांग सरकत गेली, आणि प्राध्यापकांच्या पुढे दोन बायका उरल्या असताना पाणी गेलं. ते कळशी धरून तसेच उभे राहिले. हिराबाईंनी ती हळूच त्यांच्या हातून घेतली आणि म्हणाल्या, "उद्या या." सगळी बस हसली, प्राध्यापक हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनीच ठराव मांडला की हे माप राहिलंच पाहिजे. सगळ्यांचे हात वर गेले. आमच्या संचालकांचाही गेला. जरा इकडेतिकडे बघून, पण गेला.

मग अहवालाचा खंड छापून आला. ग्रंथालयात गठ्ठा मीच सोडला. वंदनाचं माप कुठे आहे ते बघायला पानं उलटली. तक्ता होता. काठमांडूसमोर आकडा होता, ढाक्यासमोर होता, कोलंबोसमोर होता. पुण्यासमोर छापलं होतं: माहिती उपलब्ध नाही. मी ते दोनदा वाचलं. मग वंदनाला बोलावलं. तिनं एकदाच वाचलं, आणि ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर. साक्षीला."

संचालकांच्या खोलीत गार हवेचं यंत्र नवीनच बसलं होतं. वंदना उभीच राहिली.

"सर, माहिती उपलब्ध नाही असं छापलंय. ती मी तुमच्या टेबलावर आणून ठेवली होती."

"बसा हो मेश्रामबाई. चहा सांगू?"

"नको."

"हे बघा, आत्ता कुठे कंपन्या यायला लागल्यात. हा खंड परदेशात जाणार. आपल्या शहराची अब्रू आपणच चव्हाट्यावर मांडायची का?"

"तुम्ही हात वर केला होता, सर."

"केला. तेव्हा पाहुणे समोर होते." मग त्यांनी आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला अजून ऐकू येतो. "तुमचा जिव्हाळ्याचा विषय आहे, मला समजतं. तुमची पार्श्वभूमीच तशी..."

"माझी पार्श्वभूमी संख्याशास्त्राची आहे," वंदना म्हणाली, आणि आम्ही बाहेर आलो.

तिनं तिन्ही देशांतल्या सहकाऱ्यांना लिहिलं. शर्मिलाबाईंनी आणि त्या प्राध्यापकांनी निषेध नोंदवला. समन्वय करणाऱ्या कार्यालयाकडून सभ्य उत्तर आलं, की आपापल्या शहराची माहिती ही ज्या त्या देशाच्या संस्थेची जबाबदारी असते, इतरांनी त्यात पडणं सहकार्याच्या भावनेला धरून होणार नाही. म्हणजे चार जणांनी मिळून आरसा घडवायचा, आणि एकानं त्यावर पडदा टाकला तर बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायचं. याला आमच्याकडे प्रादेशिक सहकार्य म्हणतात. वंदनाकडून तो प्रकल्प गेला. पुढे तिला वार्षिक अहवालातले तक्ते जुळवायला बसवलं आणि तिथेच ठेवलं. तिच्याहून धाकटे, तिनंच शिकवलेले लोक तिच्या वरच्या पदांवर गेले. निरोप समारंभांत ते तिला "आमच्या गुरू" म्हणायचे. बढतीच्या वेळी मात्र कोणाला गुरूची आठवण झाली नाही.

पण एक काम तिनं संस्थेला न विचारता केलं. ती कात्रजला गेली. वस्तीतल्या बायकांना एका रविवारी एकत्र बसवलं आणि जे निघालं होतं ते सगळं सांगितलं. कोणत्या गल्लीत किती वेळ जातो, किती मुली त्यापायी शाळा बुडवतात, आणि हे ज्या पुस्तकात यायला हवं होतं त्यात का आलं नाही. शेवटचं ऐकून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आमी न्हाईच व्हय?" वंदना म्हणाली, "आहात. म्हणून तर आले." बायका गप्प बसल्या नाहीत. वंदनाला पुढे घालून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेल्या, एकदा नव्हे, जाऊन जाऊन तिथल्या साहेबाला नकोसं केलं. शेवटी वस्तीला पाण्याची वेळ ठरवून मिळाली, पहाटेची, आणि वरच्या अंगाला आणखी एक नळ. हिराबाईंची पोरगी शाळेत जायला लागली. जगाच्या कोणत्याही अहवालात याची नोंद नाही. मी करते आहे.

शोकसभेला ते संचालक आले होते. निवृत्त झालेत, आता दोन-तीन समित्यांवर असतात. माईक घेऊन म्हणाले, "मेश्रामबाई माहितीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होत्या. पुण्याचं नाव शेजारी देशांत गेलं, त्यात त्यांचा खारीचा वाटा होता." खारीचा. मी उठले. माझा आवाज मोठा नाही, पण सभागृह लहान होतं. म्हटलं, "त्या काटेकोर होत्या हे खरं. त्यांनी गोळा केलेली माहिती तुम्ही उपलब्ध नाही म्हणून छापलीत, हेही सांगा." मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, ही वेळ नाही." मी विचारलं, "मग कोणती?" ती जिवंत असताना वेळ नव्हती, गेल्यावरही नाही, मग तुमच्या पंचांगात ही वेळ कधी येते ते तरी छापा. संचालक घड्याळ बघत होते. शेवटच्या रांगेत हिराबाई बसल्या होत्या, शेजारी लेक, आता नोकरीला लागलेली. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, माईककडे गेल्या नाहीत. "बाई म्हनल्या व्हत्या, आधी तुमास्नी येऊन सांगीन. त्या आल्या व्हत्या," एवढं बोलून बसल्या. नंतर कोणाचं भाषण झालं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात तिचा भाऊ भंडाऱ्याहून धनकवडीची जागा आवरायला आला, आणि मी मदतीला गेले. पुस्तकं बांधली, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर त्यानं कापडात गुंडाळली. स्वयंपाकघरात ओट्याखाली दोन स्टीलच्या टाक्या होत्या, काठोकाठ भरलेल्या, वर ताटं झाकलेली. इमारतीत दिवसभर पाणी असायचं, तरी ती रोज भरून ठेवायची. आमच्या पेठांतली एक रीत तिला अजिबात सहन व्हायची नाही. सकाळी नळाला ताजं पाणी आलं की कालचं "शिळं" म्हणून मोरीत ओतून द्यायचं. माझ्या सासूबाई असं ओतताना तिनं एकदा त्यांचा हात धरला होता. भावानं टाकीवरचं ताट उचललं. "हे पाणी तर कईचं असन," तो म्हणाला. "फेकून देऊ काय, ताई?"

पाणी तिनं भरलेलं होतं. तळ स्वच्छ दिसत होता. मी मांडणीवरचं भांडं घेतलं, बुडवलं आणि तिथेच उभी राहून प्यायले. मग त्याला भरून दिलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोही प्यायला. उरलेलं आम्ही दोघांनी बादल्यांनी खाली नेलं आणि तिच्या जिन्यातल्या कुंड्यांना घातलं, सगळं, एक थेंब मोरीत जाऊ न देता.